चौथीची सहल आणि गव्याची पाटी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या रानात बारापेडे नावाच्या गुहा आहेत. त्या गुहांतले एक वटवाघूळ 1913 साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी नवी जात म्हणून नोंदवले आणि रॉटन या वनाधिकाऱ्याच्या नावाने ते जगभर ओळखले जाऊ लागले. पुढे कित्येक दशके या जातीचा जगात हा एकच पत्ता ठाऊक होता. मेघालयात आणि कंबोडियात ती सापडली ती फार नंतर. याच जिल्ह्यात, गोकाकजवळ, रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाला गेंड्याचे जीवाश्म मिळाले आणि 1874 साली त्यांनी त्या गेंड्याला ‘ऱ्हायनोसरॉस डेक्कनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा गेंडा, असे नाव दिले. प्राणिशास्त्राच्या जगाला आपला जिल्हा अशा रीतीने शंभराहून अधिक वर्षे माहीत आहे. जिल्ह्यातल्या चौथीच्या वर्गात मात्र या दोहोंपैकी एकाचेही नाव ऐकलेले मूल मला माझ्या साऱ्या नोकरीत भेटले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या नोकरीची पहिली बरीच वर्षे मीही ते ऐकलेले नव्हते.

दरवर्षी डिसेंबर उजाडला की शाळांच्या सहली निघतात. गोवा, कोल्हापूर, म्हैसूर-बंगळूर, एखादी धाडसी शाळा असेल तर मुंबई. सहल ‘शैक्षणिक’ ठरावी म्हणून देवदर्शन आणि समुद्रकिनारा यांच्या मधोमध एक संग्रहालय बसवले जाते. निसर्गविषयक संग्रहालय प्राथमिक शाळेच्या मुलांनी पाहावे याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही; पण रात्रभर प्रवास करून, पेंगुळलेल्या डोळ्यांनी, रांगेत ढकलले जात जे घडते त्याला पाहणे म्हणता येत नाही. सीमाभागातल्या मुलांना आपल्याच मातीचे, जिथे वस्तू हातात घेता येतील असे आणि वस्तूचे नाव घरच्या भाषेत सांगणारे छोटे संग्रहालय तालुक्याच्या अंतरावर मिळाले पाहिजे, आणि मोठ्या शहरातले संग्रहालय त्यानंतर यावे, असे माझे म्हणणे आहे. आज हा क्रम उलटा आहे. किंबहुना त्यातला पहिला भाग अस्तित्वातच नाही.

काही वर्षांपूर्वी चौथी-पाचवीची अडतीस मुले घेऊन मी एका दूरच्या शहरातल्या संग्रहालयात गेलो होतो. पाच दालने होती आणि आमच्यापाशी पाऊण तास होता. दारावरचा माणूस ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणत होता, आणि त्याचाही दोष नव्हता, कारण मागे आणखी तीन शाळा खोळंबल्या होत्या. मुले वह्या काढून पाट्यांवरची इंग्रजी अक्षरे चित्र काढल्यासारखी उतरवून घेत होती. पेटीतल्या प्राण्याकडे बघायला त्यांना सवडच नव्हती. पेंढा भरलेल्या गव्यापुढे जांबोटीकडची एक मुलगी मात्र थांबली. ‘‘सर, हेला मी बघितलो हाय. आमच्या नाचणीच्या शेतात येतंय,’’ ती म्हणाली. मग पाटीवर ‘इंडियन बायसन’ अशी अक्षरे जुळवून वाचल्यावर तिचा चेहरा पडला. ‘‘न्हाय ओ, हे दुसरंच काय तरी हाय.’’

तिने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा पाटीवर विश्वास ठेवला. चूक खरे तर पाटीची होती. बायसन हा अमेरिकेतला आणि युरोपातला वेगळा प्राणी. इकडच्या रानात शिकारीला आलेल्या साहेबांनी गव्याला ते नाव चिकटवले आणि अजून ते सुटलेले नाही. ज्या मुलीने तो प्राणी पहाटेच्या धुक्यात शेताच्या बांधावर उभा असलेला पाहिला होता, जिच्या आजोबांनी त्याला हुसकावण्यासाठी डबे वाजवत रात्री जागवल्या होत्या, तिलाच संग्रहालयाने ‘तुला ठाऊक आहे ते हे नव्हे’ असे सांगून परत पाठवले. त्या पाऊण तासातले दुसरे वाक्यही तिचेच होते, आणि ते मला आजही टोचते. ‘‘सर, हेला कोण मारलं ओ?’’

मी तिला ‘चल, रांग पुढे गेली’ एवढेच म्हणालो.

त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला अर्धा तास लागला असता, आणि तोच त्या सहलीतला खरा अर्धा तास ठरला असता. जुन्या संग्रहालयांतले बहुतेक मोठे प्राणी शिकारीतून आलेले आहेत. संस्थानिक आणि गोरे अधिकारी वाघ-गवे मारत आणि त्यांची कातडी पेंढा भरण्यासाठी पाठवत. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्याचे तर विसाव्या शतकात या कामात मोठे नाव होते. प्राण्याच्या आत पेंढाच असतो असेही नाही. साचा करून त्यावर कातडे ताणून बसवतात, डोळे काचेचे असतात. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर हा शिकारीचा व्यवहार कायद्याने बंद झाला. ‘हात लावू नका’ या पाटीमागेही नुसता दरारा नसतो: जुन्या कातड्यांना कीड लागू नये म्हणून आर्सेनिक, म्हणजे सोमल, चोळलेले असे आणि ते अजून त्या केसांत असू शकते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे सगळे समजते. मरणाविषयी, शिकारीविषयी, विषाविषयी मुले जितक्या शांतपणे ऐकतात तितक्या शांतपणे मोठी माणसे ऐकत नाहीत. आपणच ‘लहान मुलांना कशाला’ म्हणून ते टाळतो आणि त्यांच्या हाती पाठ करायला प्राण्यांची यादी देतो.

मुलांना घेऊन संग्रहालय पाहण्याची माझी रीत त्यानंतर बदलली. एका भेटीत एकच दालन पाहायचे, आणि शक्य तर त्यातले एक-दोनच प्राणी. पाटी आधी वाचायची नाही. समोर बसून चित्र काढायचे. चित्र काढायला घेतले की मूल बघू लागते, कारण शिंग कानाच्या वर उगवते की पुढे, पायाचा गुडघा नेमका कुठे वळतो, हे ठरवल्याशिवाय रेघ ओढता येत नाही. गव्याचे गुडघ्याखालचे पाय पांढरे असतात, मोजे घातल्यासारखे, ही गोष्ट मला चाळीस वर्षे गवे पाहून कळली नव्हती. ती चौथीतल्या एका मुलाच्या खडूने कळली. कवटी मिळाली तर तिच्याएवढे बोलके दुसरे काही नाही. कुत्र्याचे सुळे आणि कात्रीसारख्या दाढा, गाईच्या वरच्या जबड्यात पुढे मुळीच नसलेले दात, एकाचे डोळे पुढे बघणारे तर दुसरीचे बाजूला: दोन कवट्या शेजारी ठेवल्या की कोण पाठलाग करतो आणि कोण पळतो हे मुले स्वतःच सांगतात, गुरुजींना तोंड उघडावे लागत नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. हल्ली मोबाईलवर सगळे दिसते, मग मेलेला प्राणी कशाला पाहायचा, हा पहिला. मोबाईलवर गवा आणि मुंगूस एकाच मापाचे दिसतात. पूर्ण वाढलेल्या गव्याची खांद्यापाशी उंची साडेपाच फुटांच्या वर जाते, म्हणजे बहुतेक गुरुजींच्या डोक्याएवढी. हे माप अंगाला कळावे लागते, बोटाला नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: खानापूरच्या मुलांच्या दाराशी भीमगडचे अभयारण्य आहे, मग त्यांना काचेची पेटी कशाला? मलाही हे बरेच दिवस पटत असे. पण रानात प्राणी दिसतो तो हलणाऱ्या गवताएवढा. त्याचे दात, खूर, पंखाची घडी बघायला तो थांबत नाही, आणि थांबलाच तर आपण थांबू नये हे बरे. शिवाय अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलून आणता येत नाही, आणि ते योग्यच आहे. रान बघितलेल्या मुलाने संग्रहालयात यावे आणि मग पुन्हा रानात जावे. दुसऱ्या खेपेला त्याला पहिल्यापेक्षा जास्त दिसते. आमच्या मुलांचा पहिला टप्पा जन्मतःच झालेला असतो. शहरातल्या मुलांना हेवा वाटावा अशी ही शिदोरी आहे, आणि आपण ती बसमध्ये चढण्याआधी घरी ठेवायला लावतो.

मोठ्या संग्रहालयांचे मोल मी कमी लेखत नाही. म्हैसूरला कारंजी तलावाच्या काठी 1995 पासून निसर्गविज्ञानाचे प्रादेशिक संग्रहालय आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा निसर्गविभाग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या साहाय्याने उभा राहिला आणि त्याची देखावे असलेली दालने पाहून मोठी माणसेही गप्प होतात. धारवाडला प्रादेशिक विज्ञान केंद्र आहे, ते तर आपल्याला जवळ. पण राजधानीत सगळे काही आहे म्हणून जिल्ह्यात काही नको, हा हिशेब किती कच्चा आहे ते 2016 च्या एप्रिलमध्ये दिसले. दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय एका रात्रीच्या आगीत जळाले आणि कोट्यवधी वर्षे टिकलेले डायनोसॉरचे हाडही त्यातून सुटले नाही. ज्यांच्या जिल्ह्यांत स्वतःचे काही नव्हते, त्यांच्यासाठी त्या रात्री सारेच संपले.

आणि आपल्या जिल्ह्यात मांडायला काय आहे? खरे तर इतके आहे की निवड करणे अवघड जावे. केवळ दगडांचेच उदाहरण घ्या. बेळगाव-निपाणीकडचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून बावन्न मीटर कोसळतो तो वालुकाश्म शंभर कोटी वर्षांहून जुना. आणि त्याहीखालचे धारवाडी खडक अडीचशे कोटींच्या पलीकडचे. हे तीन दगड एका टेबलावर ठेवायला खर्च काही नाही, आणि दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातल्या मुलांना एका दिवसाच्या एस.टी. प्रवासात एवढा काळ ओलांडता येतो ते मला कुणी सांगावे. खानापूर तालुक्यातच मलप्रभा कणकुंबीला उगम पावून पूर्वेकडे कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते, तर त्याच तालुक्यातून निघालेली म्हादई पश्चिमेला वळून गोव्याच्या समुद्राला मिळते. या पाण्यावरून तीन राज्ये भांडत आहेत हे आमच्या मुलांना बातम्यांतून ठाऊक असते. एका उंचवट्याच्या अलीकडे पडलेला थेंब एका समुद्रात आणि पलीकडे पडलेला दुसऱ्या समुद्रात का जातो, हे मातीच्या उठावनकाशावर तांब्याभर पाणी ओतून दाखवले तर ते भांडणही त्यांना अधिक कळेल. कणकुंबीला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि अथणीच्या शेतकऱ्याला साऱ्या वर्षाची बेरीज पाच-सहाशेवर भागवावी लागते. त्याबरोबर झाडे, पाखरे, घरांची छपरे, ताटातले धान्य सगळे बदलत जाते. घटप्रभेच्या धुपदाळ बंधाऱ्यावर हिवाळ्यात करकोचे उतरतात, तेव्हा खानापूरचे मूल त्यांना ओळखत नाही, आणि शेकरू अथणीच्या मुलाने पाहिलेली नसते. जिल्ह्याचे संग्रहालय जिल्ह्यातल्या मुलांची एकमेकांशी ओळख करून देईल, हा त्याचा बारीकसा पण खरा उपयोग आहे.

आता भाषेचा प्रश्न, ज्याच्याशिवाय बेळगावात कोणतीच गोष्ट पुरी होत नाही. पाट्यांचे नाव काढले की इथे दोन्हीकडची डोकी तापतात, आणि त्याला 1956 पासूनचा इतिहास आहे. तो मी इथे उगाळत बसणार नाही. दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड असावे असा कायदा झाला आहे. त्यावर ज्याचे जे मत असेल ते असो; संग्रहालयातली पाटी ही दुकानाची पाटी नसते. ती शिकवण्याचे साधन असते, आणि शिकवण्याच्या साधनाबद्दल राज्यघटनेचे 350-अ कलम स्पष्ट आहे: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी द्याव्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या 29 व्या कलमातही कृतीतून आणि शोधातून शिकणे आणि शक्य तितके मातृभाषेतून शिकणे या गोष्टी शेजारी-शेजारीच बसलेल्या आहेत. संग्रहालयात या दोन्ही एकाच वेळी साधतात; पाटी परकी असेल तर दोन्ही एकाच वेळी बुडतात.

माझी सूचना काही मराठी मित्रांना रुचणार नाही, तरी मांडतो. पाटीवर पहिले नाव कन्नड असावे, दुसरे मराठी, तिसरे इंग्रजी, आणि खाली शास्त्रीय नाव. कर्नाटकातल्या सार्वजनिक संस्थेत कन्नड वर असणार, आणि असावे. त्यावर भांडून आपण पाटीच गमावू. पण दुसऱ्या ओळीतले मराठी त्याच मापाच्या अक्षरात असले पाहिजे, कारण ती ओळ आठ वर्षांच्या मुलीने वाचायची आहे. हे केवळ मराठी मुलांसाठी आहे असेही समजू नये. ‘इंडियन बायसन’ वाचून कन्नड शाळेतले मूलही तितकेच हरवते, कारण त्याच्या घरी तो काडेम्मे असतो. दोन्ही नावे शेजारी आली की मुले त्यांच्याशी खेळू लागतात. मराठीत मुंगूस, कन्नडमध्ये मुंगुसी. हा शब्द कुणी कुणाकडून घेतला यावर पंडितांनी वाद घालावा, मुलांना तो सापडल्याचा आनंद पुरे. मोराला कन्नडमध्ये नविलु म्हणतात हे कळले की सौंदत्तीजवळच्या नविलतीर्थाचे नाव एकदम उघडते, आणि वाघवड्याच्या नावातला वाघ कन्नड मुलाला दिसतो. कर्नाटकाचा राज्यप्राणी हत्ती आणि महाराष्ट्राचा शेकरू. खानापूरच्या जंगलाला दोन्ही ठाऊक आहेत. या भागातले हत्ती गेली वीसेक वर्षे चंदगड-दोडामार्गकडे ये-जा करीत आहेत आणि त्यांनी कोणत्याही आयोगाचा अहवाल वाचलेला नाही.

पैशांचा मुद्दा लोक शेवटी काढतात, जणू तो सगळ्यांत मोठा आहे. इमारत बांधायची म्हटली तर तो खरोखरच मोठा होईल, आणि कंत्राट निघेल, आणि पायाचा दगड बसून दहा वर्षे जातील. म्हणून इमारत नको. पटसंख्या घटल्यामुळे कितीतरी सरकारी प्राथमिक शाळांत एक-दोन खोल्या कुलूपबंद पडून आहेत, मराठी शाळांत तर अधिकच, आणि त्या दुखण्याबद्दल स्वतंत्र लेख लिहावा लागेल. तालुक्याला अशी एक खोली पुरे. गाई-म्हशींच्या, शेळीच्या, कुत्र्याच्या कवट्या मिळवायला कायद्याची आडकाठी नाही; शिंपले, बिया, दगड, मातीचे नमुने, सुगरणीचे सोडून दिलेले घरटे तर मुलेच आणतील. वन्य प्राण्यांचे अवयव मात्र कुणी आणून दिले तरी घेऊ नयेत, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगावे. बिबट्याच्या पावलाचा, गेंड्याच्या दाताचा साचा मातीतच करावा लागतो, आणि माती म्हटली की खानापूर: कुंभारकामाची केंद्रीय संस्था तिथेच आहे, कौलांच्या भट्ट्या तिथेच आहेत. बेळगावात राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था आहे आणि पश्चिम घाटातल्या औषधी वनस्पती हा तिच्या अभ्यासाचाच विषय आहे. शहरातल्या जुन्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत बरण्यांत घालून ठेवलेले साप, विंचू, मासे कपाटांत वर्षानुवर्षे पदवीच्या परीक्षेची वाट पाहत बसलेले असतात. महिन्यातून एका शनिवारी त्या खोल्या प्राथमिक शाळांना उघडल्या आणि पदवीच्या मुलांना माहिती सांगायला उभे केले तर कुणाचाही एक रुपया जास्त खर्च होणार नाही. मुंबईच्या संग्रहालयाने 2015 मध्ये बसमध्ये फिरते संग्रहालय सुरू केले. आपल्याकडे तसे काही होईपर्यंत ट्रंकेत घालून टेम्पोने शाळेशाळेत नेता येईल एवढे सामान तरी जमवता येते.

शिक्षकांना मात्र वेळ द्यावा लागेल, आणि इथे शिक्षण खाते अवघड जाते. जनगणना, निवडणूक, मध्यान्ह आहाराच्या नोंदी यांतून उरलेल्या गुरुजींना कवटीचे दात मोजायला सांगणे हे थोडे क्रूर आहे, हे मी जाणतो. तरीही वर्षातल्या एका सहलीची तयारी करताना जितका जीव जातो, म्हणजे पालकांची संमतिपत्रे, बसची परवानगी, प्रवासात ओकणारी मुले, त्याच्या निम्म्या कष्टात तालुक्याच्या खोलीला चार भेटी होतात.

अशी एक खोली आम्ही काही जणांनी एका शाळेत मांडायला घेतली आहे. तीन दगड आले आहेत, पाच कवट्या आल्या आहेत, बारापेडेच्या वटवाघळाचे एक मोठे चित्र पाचवीच्या मुलांनी काढले आहे. गव्याची पाटी मात्र अजून लागलेली नाही. तिसऱ्या ओळीतला ‘बायसन’ खोडायचा यावर सगळ्यांचे एकमत झाले. मराठी ओळीवर वाद नव्हता. पण कन्नड शाळेतल्या मुलांत दोन तट आहेत. निम्मी म्हणतात काडेम्मे, निम्मी म्हणतात काडुकोण, आणि दोघेही आपापल्या आजीचा दाखला देतात. सध्या भिंतीवर दोन चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत आणि त्यांच्याखाली, विचारले नसताना, कुणीतरी पेन्सिलीने तिसरा प्रश्न लिहून ठेवला आहे: मादीला वेगळे नाव असते काय?